बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड: हे वचन नेमकं कुणाला ऐकवलेलं आहे?

अंबडकर

जय ख्रिस्त, आणि सगळ्यांना नमस्कार.

"बांधणाऱ्यांनी जो दगड नापसंत केला तोच कोपऱ्याचा मुख्य दगड झाला." स्तोत्र ११८ मधलं हे वचन आमच्याकडे फार आवडीचं. नोकरी हुकली, परीक्षा गेली, लग्न मोडलं, की कुणीतरी ते म्हणतंच. व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही बारमाही असतं. अर्थ एकच काढलेला असतो: आज मला नाकारलं ना, उद्या मी मोठा होईन आणि नाकारणारे बघत राहतील.

मी शब्बाथशाळेत मुलांना शिकवते आणि हा अर्थ मला पटत नाही. का ते सांगते.

मराठवाड्यातल्याच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये (गाव सांगत नाही), एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. दोन्ही घरं पणजोबांपासून ख्रिस्ती. बोलणी झाली, साखरपुड्याचा रविवारही ठरत आला. मग मुलाकडच्या एका काकांनी विचारलं, "तुम्ही पूर्वीचे कोण?" उत्तर मिळालं, आणि आठवडाभरात निरोप आला की मुलाला इतक्यात करायचं नाही. मुलीला धीर द्यायला मंडळीतली माणसं घरी गेली, प्रार्थना झाली आणि हेच वचन वाचलं गेलं. वाचणाऱ्यांत अशीही माणसं होती ज्यांनी स्वतःच्या घरच्या सोयरिकीत हाच प्रश्न विचारलेला आहे.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. या वचनात दोन पक्ष आहेत, दगड आणि बांधणारे. आपण सगळे स्वतःला दगडाच्या जागी ठेवून वाचतो. बांधणाऱ्यांच्या जागी कुणीच उभं राहत नाही.

प्रभूने हे वचन कुठं म्हटलं ते बघा. मत्तय २१, मार्क १२, लूक २०. जेरुसलेमचं मंदिर, वल्हांडण या यहुदी सणाचे दिवस. समोर मुख्य याजक आणि वडीलजन, "कोणत्या अधिकाराने हे करतोस" असा जाब विचारणारे. तो त्यांना द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो. मालकाने मळा खंडाने दिला, वाटा मागायला चाकर पाठवले तर कुळांनी त्यांना मारलं, शेवटी मुलगा पाठवला तर त्यालाही मळ्याबाहेर काढून जिवे मारलं. ही गोष्ट संपवून तो विचारतो, हे वचन तुम्ही कधी वाचलं नाही काय? म्हणजे दुखावलेल्या माणसाची समजूत काढायला हे वचन आलेलं नाही. ज्यांच्या हातात बांधकाम होतं त्यांना ते तोंडावर ऐकवलेलं आहे, आणि हे आपल्यालाच लागून आहे हे त्यांना कळलं, असं मत्तय लिहितो.

दुसऱ्यांदा पेत्र म्हणतो, प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये. मंदिराच्या दाराशी रोज आणून बसवला जाणारा जन्मपांगळा चालायला लागला म्हणून पेत्राला न्यायसभेपुढे उभं केलंय, आणि तो सरळ म्हणतो, "तुम्ही बांधणाऱ्यांनी". बोलणारा कोण? ज्याने काही आठवड्यांपूर्वी शेकोटीपाशी तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं होतं तोच. नाकारणं म्हणजे काय हे पेत्राला आतून ठाऊक होतं. म्हणून त्याच्या तोंडी हे वचन मला सगळ्यात खरं वाटतं.

माझा प्रश्न इतकाच: आपल्या मंडळ्यांमध्ये आज बांधणारे कोण आहेत?

मोसंबीबाग

ताई, वाचायलो. माझा धर्म वेगळा, पण "तुम्ही पूर्वीचे कोण" हे वाचून जीव तुटला. आमच्याकडं हेच "गोत कोणतं, पाहुणे कुठले" करून विचारायलेत. एक शंका. हा दगड पायातला का वरचा, कळसाजवळचा? कारण पायातला दगड तर कुणाला दिसतच नाही.

गिलावा

मी ख्रिस्ती नाही, बायबल जे वाचलं ते शाळेत वाटलेल्या छोट्या पुस्तकातलं. पण दगडावर बोलू शकतो. लातूर-धाराशिव भागात बांधकामावर आयुष्य गेलं, वडार आणि पाथरवट मिस्त्र्यांच्या हाताखाली शिकलो.

दगडी भिंतीत आधी कोपरे उठवतात. दोन कोपरे गुण्यात (काटकोनात) आणि ओळंब्यात (सरळ उभे) बसले की त्यांच्यात दोरी ताणायची आणि मधली भिंत त्या दोरीला धरून भरायची. कोपरा बोटभर सरकला तर पुढची सगळी भिंत तितकी सरकते. म्हणून मोसंबीबाग, कोपऱ्याचा दगड पायातही असतो आणि प्रत्येक थरातही असतो. त्याची खूण उंचीवर ठरत नाही. तो दोन भिंतींत एकदम बसतो, ही त्याची खूण.

मधल्या भिंतीत दगडाचं एक तोंड चांगलं असलं तरी भागतं, बाकीच्या अंगाला डबर आणि चिपा जातात. कोपऱ्याच्या दगडाला दोन तोंडं लागतात, काटकोनात. शिवाय लांबी लागते, म्हणजे एका थरात तो या भिंतीत लांब जातो, पुढच्या थरातला त्या भिंतीत. अशी अदलाबदल केली की दोन भिंती एकमेकींना धरून राहतात.

आता नाकारण्याबद्दल. मिस्त्री दगड बाजूला टाकतो त्याची कारणं बघितली आहेत. हातोडीने टोला मारायचा. खणखणीत वाजला तर दगड सलग. बद्द आवाज आला तर आत चीर. नस उलटी असली तर घडवताना टवका उडतो. ही दोन कारणं खरी. पण तिसरं कारण सगळ्यात जास्त चालतं: दगड मोठा आहे, कठीण आहे, टाकी फार मारावी लागेल, रोजात परवडत नाही. असा दगड निर्दोष असूनही लोळत पडतो, आणि त्याचा दोष सांगा म्हटलं तर मिस्त्रीला सांगता येत नाही.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. जवळपास ८,००० माणसं गेली. पुनर्वसनाच्या कामावर होतो तेव्हा पडलेल्या भिंती जवळून बघितल्या. हात-दोन हात रुंद भिंती, बाहेरचा पदर वेगळा, आतला पदर वेगळा, मध्ये माती आणि गोटे. आरपार जाणारा दगड नाही, कोपऱ्यात सांधा नाही. जमीन हलली तेव्हा कोपरे उघडले, पदर सुटले, आणि वरचं माळवद, सगळ्या मातीच्या वजनासकट, झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर लोकांनी दगडाचंच नाव टाकलं. दगडी घरात झोप लागेना. खरं तर दगड गुन्हेगार नव्हता. भिंती एकमेकींना धरून नव्हत्या.

वचनाचा अर्थ तुम्ही लोकांनी लावावा. पण दोन भिंती धरणारा दगड म्हणजे काय हे सांगावंसं वाटलं.

घोगरगाव_पट्टा

गिलावा सर, तुम्ही नकळत संत ऑगस्टीनच्या मुद्द्यापर्यंत आलात. चौथ्या-पाचव्या शतकातला हा बिशप म्हणतो की ख्रिस्त कोपऱ्याचा दगड आहे, कारण वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या दोन भिंती, यहुदी आणि परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेले), त्याच्यात येऊन मिळतात. त्याला आधार इफिसकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय. तिथं पौल आधी मधली आडभिंत पाडल्याचं सांगतो आणि त्याच अध्यायात पुढे ख्रिस्ताला कोपऱ्याचा दगड म्हणतो. आडभिंत पाडली, तरी दोन बाजूच्या भिंती उभ्या राहायला सांधा हवाच.

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सामध्ये हेच स्तोत्र ११८ गायलं जातं. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारचं "होसान्ना" आणि "प्रभूच्या नावाने येणारा धन्य" हेही याच स्तोत्रातलं. म्हणजे एकाच स्तोत्रात लोकांनी केलेलं स्वागत आहे, बांधणाऱ्यांनी दिलेला नकार आहे आणि देवाने केलेली उभारणीही आहे. यहुदी लोक वल्हांडणाला स्तोत्र ११३ ते ११८ म्हणतात, त्यामुळे मंदिरात समोर बसलेल्या प्रत्येकाला हे वचन पाठ असणार. परिणाम काय झाला असेल याची कल्पना करा.

अंबडकर ताई, एक सावधगिरी मात्र हवी. द्राक्षमळ्याच्या गोष्टीतले वाईट कूळ म्हणजे यहुदी जमात, असा अर्थ युरोपात शतकानुशतकं लावला गेला आणि त्यापायी त्या समाजाचे अतोनात हाल झाले. येशू यहुदी, पेत्र यहुदी, स्तोत्रही त्यांचंच. यहुदी परंपरेत तो दगड म्हणजे मोठ्या राष्ट्रांनी हिणवलेलं इस्राएल, किंवा दावीद: शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला आला तेव्हा मेंढरांमागे राहिलेला, कुणी बोलावलंही नाही असा धाकटा पोरगा. "बांधणारे" म्हणजे त्या दिवशी अधिकारावर बसलेली माणसं. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. म्हणून तुमचा प्रश्न योग्य वाटतो. बांधणारे बाहेर शोधले की वचन हातातून निसटतं.

आणि एक. जेरुसलेममध्ये पवित्र कबरीचं चर्च जिथं आहे तिथं फार पूर्वी दगडाची खाण होती. खाणीतला दगड शहरात गेला आणि उरलेल्या खडकावर क्रूस उभा राहिला. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय, त्याने वेशीबाहेर दुःख सोसलं. मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांना वेशीबाहेर म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेरचा_माळकरी

रामकृष्णहरी. चांगला धागा.

आमच्या परंपरेतही हे आहे. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. औंढ्याला नामदेवांना देवळापुढून मागे जायला लावलं, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं आणि नंदी मागे राहिला अशी कथा आहे. चोखोबांचं तर काय सांगावं. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम करताना भिंत अंगावर पडली आणि त्यात गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या. ज्यांना आत येऊ दिलं नाही त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि आज प्रत्येक वारकरी आधी तिथं माथा टेकतो. नाकारलेला दगड मुख्य झाला, तो हाच की.

निळी_पहाट

माळकरी काका, आदर ठेवून असहमत. चोखोबा दारासमोर राहिले, दाराच्या आत नाही. त्यांच्या समाजाला आत जायला साने गुरुजींचं १९४७ चं उपोषण व्हावं लागलं. पायरीपाशी माथा टेकणं वेगळं, आणि तो दगड काढला तर इमारत उभी राहणार नाही असं मान्य करणं वेगळं. पायरीच्या दगडाला नमस्कार करून सगळे त्याला ओलांडून जातात.

अंबडकर ताई, तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण माझा प्रश्न मुळातला आहे. ज्यांनी नाकारलं त्यांच्याच भिंतीत जागा मिळावी अशी आस नाकारलेल्याने का धरावी? बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा दिली. आम्ही कुणाच्या कोपऱ्यात बसायला गेलो नाही, आपलं घर बांधलं.

आणि कायद्याचंही बोलू. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने फक्त हिंदू धरले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. २०२२ साली केंद्राने न्या. बालकृष्णन आयोग नेमला तो याच प्रश्नावर. म्हणजे सरकार म्हणतं तुम्ही ख्रिस्ती झालात, आता जात नाही. आणि सोयरिकीला आलेला काका म्हणतो, जात आहेच. दोन्ही दारं बंद. त्या मुलीला कोणतं वचन वाचून दाखवणार?

अंबडकर

निळी_पहाट, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप नीट लागली नाही. पळवाट न काढता उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

ज्या भिंतीने नाकारलं त्याच भिंतीत दगड परत बसला असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. ते मंदिर तर इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेने पाडलं. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय वाचा. माणसांनी नाकारलेला, देवाने निवडलेला जिवंत दगड. त्याच्याजवळ या, म्हणजे तुम्हीही जिवंत दगडांप्रमाणे रचले जाल आणि एक घर होईल. हे नवं घर आहे. आणि पुढे तो लिहितो, पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात. हे पत्र परमुलखात विखुरलेल्या, उपऱ्या ठरलेल्या माणसांना आहे. त्यामुळे वर मी जे लिहिलं त्यात एक भर घालायला हवी. नाकारलेल्यांसाठी दिलासा आहे, नक्की आहे. पण "तू एक दिवस जिंकशील" असा तो दिलासा नाही. "ये, आणि इतरांबरोबर रचला जा" असा आहे. शेजारचा दगड कोण हे आपल्याला निवडता येत नाही. अडचण नेमकी तिथंच येते.

आमच्या जालन्याचा इतिहास यासाठीच महत्त्वाचा वाटतो. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरादाराला मुकले. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या पाठोपाठ मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, तर त्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत रान पेटलं. बाळशास्त्री जांभेकरांनी घ्यावं म्हटलं म्हणून त्यांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. पुढे नारायण शेषाद्री जालन्याला आले, मांग आणि महार कुटुंबांत काम केलं आणि गावाजवळ बेथेल ही वस्ती उभी केली. घरातून पळालेला याकोब ज्या दगडावर डोकं ठेवून झोपला त्या जागेचं नाव त्यांनी वस्तीला दिलं. वरच्या जातीने टाकलेला एक आणि वेशीबाहेर ठेवलेले अनेक, एका वस्तीत राहायला लागले. गिलावा दादा म्हणतात त्या दोन भिंती इथं प्रत्यक्षात जवळ आल्या होत्या.

आणि त्याच भागात आज आम्ही विचारतो, पूर्वीचे कोण. किल्लारीच्या भिंतींचं वर्णन वाचताना मला आमची मंडळी दिसत होती. बाहेरून एक, आत दोन पदर, मध्ये माती. रविवारी एकाच बाकावर बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतो, आणि सोयरीक म्हटली की पदर सुटतात.

यशया २८:१६ मध्ये कोपऱ्याच्या दगडाला पारखलेला दगड म्हटलंय. गिलावा दादांचं टोला मारून ऐकणं वाचलं आणि ते शब्द पहिल्यांदा समजले. बांधणाऱ्यांनी टोला मारून बघितलाच नाही. फार टाकी मारावी लागेल म्हणून बाजूला टाकला.

गिलावा

अगदी. आणि टाकी दगडालाच मारावी लागते असं नाही. कोपऱ्याचा दगड पक्का असला तर शेजारचे दगड त्याच्या मापाने घडवून घ्यावे लागतात. कोपरा छाटून भिंतीला जुळवणारा मिस्त्री कच्चा.

मोसंबीबाग

हे लिहून ठेवलं.

घोगरगाव_पट्टा

लूक २०:१८ राहिलं. त्या दगडावर जो पडेल त्याचे तुकडे होतील, आणि ज्याच्यावर तो पडेल त्याचा भुगा होईल. मंडळीत हे वचन सहसा वाचून दाखवत नाहीत. श्रद्धा म्हणजे नुसता आधार, असं म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. तोच दगड कुणाला पाया होतो, कुणाला ठेच लागते. मध्ये उभं राहायची सोय नाही.

निळी_पहाट, १९५० च्या आदेशावर तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्याकडे १० ऑगस्ट निषेधदिन म्हणून पाळतात, कारण तो आदेश त्याच तारखेचा. पण बाहेरच्या सरकारला जाब विचारताना आतल्या सोयरिकीबद्दल आम्ही गप्प असतो, हे मला मान्य आहे.

निळी_पहाट

"शेजारचा दगड निवडता येत नाही" हे पटलं. आमच्यातही पोटजाती बघून सोयरिकी होतात, तेव्हा हे वाक्य आम्हालाही लागू. बाकी मतभेद राहू द्या. त्या मुलीचं पुढे काय झालं, सांगण्यासारखं असेल तर सांगा. आणि मंडळीत कुणी काही करतंय का?

अंबडकर

मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्याबद्दल एवढंच लिहिते, जास्त नको.

मंडळीत वधू-वर नोंदीची वही आहे. त्यात नाव, शिक्षण, बाप्तिस्म्याची तारीख, आणि शेवटचा रकाना "पूर्वीचा समाज". तो रकाना काढावा असा अर्ज मी पंचांकडे दिला आहे. पाळकसाहेब बाजूने आहेत. दोन पंच म्हणाले, नाताळनंतर बघू. एका वडिलांचा आक्षेप असा की मुलांना जातीचा दाखला काढताना ही माहिती लागते, रकाना काढला तर पोरांचंच नुकसान होईल. या आक्षेपाला काय उत्तर द्यावं? कायद्याची माहिती असलेल्यांनी सांगावं.

निळी_पहाट

ताई, दाखल्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे-आजोबांचे शाळेतले किंवा महसुली कागद लागतात. लग्नाच्या वहीतल्या नोंदीवर जातीचा दाखला मिळत नाही. पंचांना हे सांगा, आणि तरीही पाहिजेच म्हणाले तर ही माहिती वेगळ्या फाइलीत ठेवायला सांगा, फक्त दाखल्याच्या कामापुरती उघडेल अशी. सोयरीक बघायला आलेल्यांच्या हातात ती वही जाते, तिथून तो रकाना जायलाच पाहिजे. अर्जाची पोच घेतली आहे ना?